वेळेवर हप्ता भरणाऱ्याला विचारतो कोण?

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. २०१७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी एका गृहवित्त कंपनीकडून ३५ लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी घेतलं. हप्ता ३०,३७४ रुपये. आजवर १०४ हप्ते भरले, एकही चुकला नाही. शिल्लक २७ लाख, व्याजदर ९.१० टक्के आणि स्टेटमेंटवर अजून १४८ हप्ते बाकी. शेजारच्या वहिनींनी नुकतंच एका सरकारी बँकेकडून ७.६० टक्क्यांनी कर्ज घेतलं, तेव्हापासून ताईंना झोप नाही. यजमानांनी दीड वर्षापूर्वी कारखान्यातली नोकरी सोडून अंबड एमआयडीसीत स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं आहे. एका एजंटने त्यांना कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याचा प्रस्ताव दिला: ७.६० टक्के, पुन्हा वीस वर्षं, हप्ता २१,९१६, शिवाय हवं तर ५ लाखांचं टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज. यजमान तयार आहेत. दीर म्हणतात, व्याज कंपनीने सुरुवातीलाच वसूल केलं, आता बदलून काय मिळणार? ताईंना वेगळीच टोचणी आहे: "दोन बँकांनी नाही म्हटलं तेव्हा याच कंपनीने आम्हाला कर्ज दिलं. आता सोडून जायचं म्हणजे कृतघ्नपणा नाही का? आणि इतकी वर्षं वेळेवर भरल्यावर त्यांनी आपणहून दर कमी करायला नको होता का? अशा लोकांसाठी सरकारची योजना आल्याचा मेसेजही फिरतोय, तो खरा आहे का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नातल्या 'आपणहून' या शब्दापाशी मी थांबलो. मी चोवीस वर्षं कर्ज विभागात काढली, पलीकडच्या खुर्चीवर. तिथलं एक गुपित सांगतो. ज्याचे तीन हप्ते थकलेत त्याची फाईल रोज टेबलावर असते. त्याला फोन जातात, त्याच्यासाठी बैठका होतात, त्याला पुनर्रचना देऊ का, मुदत वाढवू का यावर वरिष्ठ डोकं खाजवतात. ज्याचा हप्ता पाच तारखेला न चुकता जमा होतो त्याची फाईल कपाटातून बाहेरच येत नाही. तो चांगला कर्जदार असतो, म्हणजेच त्याच्याकडे कोणी बघत नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात, मग कंपनीकडून काय अपेक्षा करायची? तुमची चूक झालेली नाही. फक्त आजवर तुम्ही मागितलं नाही.

दर कसा ठरतो ते आधी बघू, म्हणजे वहिनींचा ७.६० आणि तुमचा ९.१० हा फरक कुठून आला ते कळेल. १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने बँकांना सक्ती केली की फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर) बाहेरच्या मापाला जोडायची. वहिनींचं कर्ज तसंच असणार: रेपो ५.२५, त्यावर बँकेचे २.३५, झाले ७.६०. रेपो हलला की त्यांचा दर तीन महिन्यांच्या आत हलतो. ही सक्ती गृहवित्त कंपन्यांना नाही. तुमच्या कंपनीचा स्वतःचा एक मूळ दर असतो, प्राइम लेंडिंग रेट म्हणतात त्याला, आणि प्रत्येक ग्राहकाला त्यातून काही सवलत मिळते. दुकानाच्या पाटीवरचा भाव सगळ्यांना एकच, पण दारात आलेल्या नव्या गिऱ्हाइकाला सवलत मोठी आणि जुन्याची सवलत करार झाला त्या दिवशीची, तिथेच गोठलेली. २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, सव्वा टक्का. तुमच्या दरात त्यातलं किती उतरलं ते जुन्या स्टेटमेंटवर बघा. माझा अंदाज आहे की पूर्ण सव्वा टक्का तुम्हाला दिसणार नाही.

स्टेटमेंट काढलंच आहे तर आणखी एक मोजा. वीस वर्षांचे हप्ते २४०. तुम्ही १०४ भरलेत, म्हणजे १३६ उरायला हवेत. तुमच्याकडे १४८ आहेत. दर चढला तेव्हा कंपनीने हप्ता तोच ठेवून मुदत वर्षभराने ताणली. बहुतेक घरांत हे लक्षातच येत नाही, कारण खात्यातून जाणारा आकडा बदललेला नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर नियम केला. दर बदलल्यामुळे हप्ता किंवा मुदत बदलणार असेल तर तसं कळवायचं, हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला निवडू द्यायचं आणि दर तिमाहीला मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले याचा साधा हिशोब द्यायचा. तो तिमाही हिशोब तुमच्या ईमेलवर येऊन पडला असेल. आमच्या घरीही अशा ईमेल कोणी उघडत नाही, मी बँकवाला असून.

आता दिरांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे आणि अर्धं बरोबर असलेल्या गोष्टीच माणसाला जास्त महागात पडतात. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा भाग मोठा असतो, हे खरं. पण व्याज आधी 'वसूल' करून ठेवलेलं नसतं. ते दर महिन्याला शिल्लक मुद्दलावर नव्याने लागतं. २७ लाखांवर ९.१० टक्क्यांनी या महिन्याचं व्याज २०,४७५ रुपये होतं. म्हणजे तुमच्या ३०,३७४ च्या हप्त्यातले दोन तृतीयांश आजही व्याजातच जातात. याच चालीने कर्ज फिटेपर्यंत अजून १८ लाखांच्या आसपास व्याज जाईल. दीर म्हणतात ती वेळ शेवटच्या तीन-चार वर्षांत येते, तुमची अजून आलेली नाही.

कृतघ्नपणाबद्दल. ही भावना मला खोटी वाटत नाही. पहिल्या घराचं कर्ज मंजूर झाल्याचा दिवस लोक लग्नाच्या तारखेसारखा लक्षात ठेवतात. पण एकदा पाटी-पेन्सिल घेऊन बसा. तुम्ही आजवर ३१ लाख ५८ हजार रुपये भरलेत. मुद्दल ८ लाखांनी कमी झालं. उरलेले साडेतेवीस लाख व्याजाचे. कंपनीने २०१७ मध्ये जोखीम घेतली, तिची किंमत लावली आणि तुम्ही ती किंमत मोजलीत. सावकाराच्या वहीत याला देणंघेणं म्हणतात, उपकार नाही. उलट कंपनीकडे गेल्यावर तुमच्या हातात जी गोष्ट आहे ती २०१७ मध्ये नव्हती: १०४ न चुकलेले हप्ते. ही तुमची पत आहे. ती कंपनीच्या कपाटात पडून राहिली तर तुम्हाला तिचा उपयोग शून्य.

व्हॉट्सॲपवरच्या योजनेचा प्रश्न लगेच निकालात काढतो. वेळेवर हप्ते भरणाऱ्यांचं चालू कर्ज सरकार स्वस्त करून देतं अशी योजना आपल्याकडे नाही. पंतप्रधान आवास योजनेतलं व्याज अनुदान पात्र कुटुंबांच्या घरखरेदीसाठी आहे, तुमच्यासारखं जुनं कर्ज स्वस्त करण्यासाठी नाही. अमेरिकेत मात्र अशी एक योजना खरोखर होती. २००८ च्या मंदीत घरांच्या किमती इतक्या कोसळल्या की हप्ते नियमित भरणाऱ्यांचंही कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं झालं आणि बँका त्यांना नवं, स्वस्त कर्ज देईनात. त्यांच्यासाठी २००९ मध्ये 'हार्प' नावाची सोय केली. अट काय, तर मागच्या सहा महिन्यांत एकही हप्ता उशिरा गेलेला नको. २०१८ अखेर ती बंद झाली. आपल्याकडे त्या जागी आहेत ते रिझर्व्ह बँकेचे नियम, आणि ते वापरायला कोणा मध्यस्थाला पैसे द्यावे लागत नाहीत. त्या मेसेजमधल्या लिंकवर आधार-पॅन भरलं असेल तर आजच मला कळवा, त्याचं वेगळं बघू.

आता एजंटचा प्रस्ताव. दर चांगला आहे. मुदत मात्र नीट बघा. २१,९१६ गुणिले २४० म्हणजे ५२ लाख ६० हजार. आहे त्याच जागी, आहे त्याच महाग दराने राहिलात तर तुम्ही अजून ४५ लाखांच्या आसपास भराल. म्हणजे दीड टक्का स्वस्त कर्ज घेऊन तुम्ही साडेसात लाख रुपये जास्त मोजणार! हप्ता साडेआठ हजारांनी उतरतो तो दरामुळे थोडा आणि कर्ज नव्याने वीस वर्षं पसरल्यामुळे बराच. एजंट खोटं बोलला नाही. त्याने फक्त हप्ता दाखवला आणि बेरीज दाखवली नाही. त्याचं कमिशन कर्जाच्या रकमेवर असतं हेही ध्यानात ठेवा, टॉप-अपचा आग्रह तिथून येतो.

तोच ७.६० टक्के दर, पण मुदत न वाढवता घेतला तर? हप्ता ३०,३७४ च ठेवलात तर कर्ज १४८ ऐवजी १३१ महिन्यांत फिटतं आणि सव्वापाच लाखांच्या आसपास वाचतात. महिने १४८ च ठेवून हप्ता कमी करून घेतलात तर तो २८,१६३ होतो, महिन्याला २,२०० रुपये हातात राहतात आणि एकूण ३ लाख ३०-४० हजार वाचतात. पैशाच्या सल्ल्यात सगळे डोळे मिटून पहिलं सांगतात: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. पगारदार घराला मीही तेच सांगतो. तुमच्या घराला नाही सांगणार. यजमानांचं वर्कशॉप दीड वर्षाचं आहे. मोठ्या कंपन्यांची बिलं नव्वद-नव्वद दिवस अडकतात हे अंबडला कोणालाही विचारा. अशा घरात बंधनकारक आकडा लहान असलेला बरा. हप्ता २८,१६३ करून घ्या, वरचे २,२०० दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका आणि वर्षातून एकदा ती रक्कम मुद्दलात भरा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही, बँकांसाठी हा नियम २०१२ पासून आहे आणि गृहवित्त कंपन्यांसाठी त्याच्याही आधीपासून. एखादं वर्ष वर्कशॉपला वाईट गेलं तर ती ठेव हाताशी राहील आणि हप्ता चुकणार नाही. हे शिस्त असलेल्यांचं काम आहे, पण १०४ हप्त्यांनंतर तुमच्या शिस्तीबद्दल मी शंका घेणार नाही.

टॉप-अपबद्दल यजमानांना माझा एकच प्रश्न विचारा. त्यांना नवं लेथ घ्यायचंय की अडकलेल्या बिलांची भोकं बुजवायचीत? मशीन असेल आणि त्याला काम हातात असेल, तर टॉप-अप हे व्यवसाय कर्जापेक्षा स्वस्त पडतं, विचार करता येईल. खेळत्या भांडवलाची चणचण घरावर कर्ज काढून भागवणं मला पटत नाही. ते पैसे सहा महिन्यांत जिरतात आणि हप्ता वीस वर्षं राहतो.

मग करायचं काय? आधी दुसरीकडे नाही, आपल्याच कंपनीत जा. जवळपास सगळ्या गृहवित्त कंपन्यांत जुन्या ग्राहकाला थोडं शुल्क घेऊन नव्या दरावर आणायची सोय असते. कोणी 'कन्व्हर्जन' म्हणतं, कोणी 'रेट स्विच'. ती जाहिरातीत नसते, काउंटरवर आपण विचारल्याशिवाय कोणी बोलतही नाही. आमच्या वेळीही तो फॉर्म खणात तळाला असायचा, हे कबूल करतो. तुमच्या बाबतीत हा रस्ता आधी बघण्याला आणखी एक कारण आहे. नव्या बँकेत गेलात की कर्ज नव्याने मंजूर होतं, पुन्हा उत्पन्नाचे पुरावे, पुन्हा घराचं मूल्यांकन. व्यवसाय करणाऱ्यांकडे बहुतेक बँका दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात आणि यजमानांच्या धंद्याला वर्षं दीड झालंय. तुमचा स्वतःचा पगार असेल आणि तुम्ही सहकर्जदार असाल तर गोष्ट वेगळी, पत्रात ते लिहिलेलं नाही. स्वतःच्या कंपनीत दर बदलून घेताना मात्र सहसा हे काही विचारत नाहीत.

तोंडी विचारू नका, कागद द्या. मजकूर एवढाच पुरे: 'आमचं कर्ज खातं अमुक. २०१७ पासून सर्व हप्ते वेळेवर भरले आहेत. सध्याचा दर ९.१० टक्के आहे. नव्या ग्राहकांना लागू असलेल्या दरावर आमचं खातं रूपांतरित करावं. नवा दर, रूपांतर शुल्क आणि नवा हप्ता व मुदत लेखी कळवावी.' दोन प्रती न्या, एकीवर शिक्का घ्या. सोबत परतफेडीचं पूर्ण वेळापत्रक मागा. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर फुटकळ आलं, तर दुसरा अर्ज द्या: फोरक्लोजर लेटर (कर्ज आज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) आणि तारणातल्या मूळ कागदपत्रांची यादी हवी. हे दोन कागद म्हणजे गिऱ्हाईक दार उघडून पायरीवर उभं आहे. ग्राहक राखण्यासाठी वेगळे लोक नेमलेले असतात, त्यांचा फोन बहुधा त्यानंतरच येतो. मंजुरीचं पत्र दुसऱ्या बँकेकडून आणून ठेवलंत तर आणखी चांगलं, पण एकाच महिन्यात पाच ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी सिबिलवर, म्हणजे तुमच्या पतीच्या अहवालावर, उमटते. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने मात्र गुण कमी होत नाहीत. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो, अर्ज देण्याआधी बघून घ्या. एखादं कधीच फेडलेलं क्रेडिट कार्ड तिथे अजून 'चालू थकबाकी' म्हणून बसलेलं सापडतं.

समजा कंपनी ७.६० पर्यंत नाही आली, ७.९० म्हणाली. जायचं की राहायचं? इथे एक सोपं गणित सगळ्यांनीच पाठ करावं: शिल्लक रकमेला दरातल्या फरकाने गुणा आणि १,२०० ने भागा. सध्याच्या ९.१० आणि ७.६० मधला फरक दीडचा, २७ लाखांवर तो महिन्याला ३,३७५ रुपये. दुसऱ्या बँकेत जायला प्रोसेसिंग फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, वकील आणि मूल्यांकनाचा खर्च, नव्या गहाणखताचं मुद्रांक शुल्क आणि महाराष्ट्रात दुय्यम निबंधकाकडे तीस दिवसांत द्यायची नोटीस ऑफ इंटिमेशन (घर गहाण ठेवल्याची सूचना), असं सगळं धरून समजा ३० हजार लागले, तर ते नऊ-दहा महिन्यांत वसूल. पण ७.९० आणि ७.६० मधला फरक महिन्याला फक्त ६७५ रुपये आहे. कंपनीने रूपांतराचे जीएसटीसह ५,९०० घेतले असं धरलं, तर दोन्ही खर्चांतला फरकच भरून यायला तीन वर्षांच्या वर लागतील. तेवढ्यासाठी मी कर्ज हलवणार नाही. कंपनी ८.५० वर अडून बसली तर मात्र खुशाल जा. एक लक्षात ठेवा, कंपनीत दर आज खाली आला तरी माप तिचंच राहतं. दोन वर्षांनी पुन्हा हाच अर्ज घेऊन जावं लागेल. रेपोशी जोडलेल्या बँकेत ती कटकट कमी.

जायचंच ठरलं तर दोन-तीन गोष्टी. व्यवहार पूर्ण होईपर्यंत जुन्या कंपनीचा हप्ता थांबवू नका, 'आता बंदच होणार आहे' म्हणून लोक तो एक हप्ता सोडतात आणि नऊ वर्षांच्या स्वच्छ पाटीवर डाग पाडून घेतात. नव्या बँकेत कर्जासोबत एकरकमी विमा चिकटवायचा प्रयत्न होईल. तो कर्जासाठी सक्तीचा नाही. २०१७ मध्ये असा विमा घेतला असेल तर कर्ज हलवल्यावर त्याचं काय होतं ते विचारून घ्या. जुनं कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत, कंपनीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. त्यासाठीच करारनामा, सूची क्रमांक दोन (नोंदणीचा 'इंडेक्स टू' उतारा), सोसायटीचं भाग प्रमाणपत्र यांची यादी आधी हातात हवी.

आणि कंपनीने दादच दिली नाही तर? आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, महिनाभर वाट बघा, मग राष्ट्रीय आवास बँकेकडे ऑनलाइन तक्रार करा. गृहवित्त कंपन्यांच्या तक्रारी तिथे जातात, बँकांच्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. मात्र हिशोब दिला नाही, मुदत न कळवता वाढवली, कागद अडवले, अशा गोष्टींवरच तिथे काही होईल. दर कमी करा असं कोणी कंपनीला सांगणार नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शाखेत जाऊ नका, वर्षअखेरीच्या धांदलीत तुमचा अर्ज कोणाच्या तरी चहाच्या कपाखाली राहील. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या आत जा. यजमानांना सोबत न्या, सह्या दोघांच्याही लागतील. आणि जाण्याच्या आदल्या रात्री ते ५२ लाख ६० हजार त्यांच्यासमोर कागदावर मांडा, कॅल्क्युलेटर त्यांच्याच हातात देऊन.